तुळशीशेजारचा क्रूस

जालन्यात शिरताना आधी लोखंड दिसते. छत्रपती संभाजीनगर सोडले की करमाड, बदनापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, तूर आणि मधूनच एखादी मोसंबीची बाग अशी सोबत असते. डिसेंबर होता, कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मग औद्योगिक वसाहत येते आणि भंगाराचे ढीग, सळ्यांनी लादलेले ट्रेलर, भट्ट्यांचा धूर सुरू होतो. भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या करणे हा या गावाचा एक मोठा धंदा. दुसरा बियाण्यांचा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांसाठी जालन्याचे नाव देशभर झाले. पण व्यापारी पेठ म्हणून हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून श्रीमंत. ‘जालना सोने का पालना’ हे रिक्षावालाही ऐकवतो, आणि त्याच दमात नळाला किती दिवसांनी पाणी येते तेही सांगतो.

मी गेले होते ते ख्रिस्ती माणसांच्या अंगावरचे गोंदण पाहायला. जाताना डोक्यात चित्र होते ते मुंबई-पुण्याच्या पोरांचे. मनगटावर क्रूस, दंडावर इंग्रजीतले बायबलवचन, टीव्हीवर पाहिलेल्या एखाद्या फुटबॉलपटूची नक्कल. अशी पोरे जालन्यातही भेटली. पण जालना जिल्ह्यातल्या गोंदणाचे मूळ त्या टीव्हीत नाही, हे दुसऱ्याच दिवशी एका म्हातारीच्या हाताने दाखवून दिले. त्या हातापर्यंत पोचायचे तर आधी छावणी ओलांडावी लागते.

कुंडलिका नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर कादराबाद म्हणजे नवा जालना. या दोन्हींपासून जरा अलग, मोकळ्या जागेत इंग्रजांच्या काळातली छावणी होती. तिचे कारण याच जिल्ह्यात आहे. भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि या मुलखात इंग्रजी फौजेचे पाय रोवले गेले. पुढे १८२७ मध्ये जालन्याला छावणी बांधली गेली. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, पण खर्च निजामाचा. ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणतात ती ही. १९०३ मध्ये छावणी उठली. छावणीबरोबर शिपायांखेरीज खानसामे, मोतद्दार, धोबी असे मद्रास इलाख्याकडचे लोक आले, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. या भागात आज मिशन हॉस्पिटल आहे, जुने चर्च आहे. नाताळ आठवड्यावर आला होता आणि घरांवर कागदी तारे लागले होते. एका दारात चांदणीखाली रांगोळी होती आणि रांगोळीत ‘सलाम’ लिहिले होते. मराठी ख्रिस्ती माणसे एकमेकांना असेच भेटतात, ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’.

जालन्याच्या ख्रिस्ती समाजाचा कर्ता माणूस गोरा नव्हता, हे मला इथे येईपर्यंत फारसे जाणवलेले नव्हते. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्यामागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो बारा-एक वर्षांचा. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला, आणि खरा तंटा त्यानंतर पेटला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण ख्रिस्ती लोकांत तो जेवला-राहिला होता. असा मुलगा प्रायश्चित्त घेऊन जातीत परत येऊ शकतो का? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी पुढे झाले आणि सनातनी त्यांच्यावर तुटून पडले. मराठी प्रबोधनाच्या इतिहासात हे ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ म्हणून नोंदले आहे. एखाद्या माणसाचा धर्म त्याच्या अंगाला किती चिकटतो, चिकटला तर पुसता येतो का, असा तो वाद होता. ज्याच्या घरातून तो निघाला त्या नारायणरावांनी पुढे ज्यांना जवळ केले, त्यांचे अंग तर गावाने जन्मतःच विटाळलेले ठरवले होते.

१८६०च्या दशकात ते जालन्याला आले. त्यांच्याभोवती जमलेले बहुतेक लोक त्या काळच्या भाषेत ‘मांग’, म्हणजे आजचा मातंग समाज. गावकुसाबाहेर राहणारे, दोरखंड वळणारे, हलगी वाजवणारे. पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला, त्यात तिने थेट विचारले होते की वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता. तोच प्रश्न निजामाच्या मुलखातल्या मांगवाड्यांतही होता, फक्त तो लिहिणारे कोणी नव्हते. गावात राहून ख्रिस्ती होणे म्हणजे बलुतेही जाणे आणि पाणीही तुटणे. म्हणून शेषाद्रींनी वेगळे गावच वसवायचे ठरवले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली आणि १८७०च्या सुमारास जालन्यापासून तीनेक मैलांवर बेथेल उभे राहिले. प्रार्थनामंदिर, शाळा, विहिरी, शेती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांची परिषद भरली, तिथे हा माणूस पागोटे घालून बोलायला उभा राहिला आणि लोकांनी कान टवकारून ऐकले. १८९१ मध्ये ते वारले. महाराष्ट्राच्या समाजसुधारकांच्या नामावळीत त्यांचे नाव क्वचितच येते. धर्मांतर हा शब्द आला की आपण पान उलटतो.

बेथेलला मला जालन्यातली माझी मैत्रीण घेऊन गेली. ती शाळेत शिकवते, तिचे आजोळ तिथले. शहर आता इतके पसरले आहे की ते तीन मैल कळतही नाहीत. बेथेल हे नाव बायबलमधल्या याकोबाच्या गोष्टीतले. उशाला दगड घेऊन झोपलेल्या याकोबाला स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे स्वप्न पडते. सकाळी उठून तो तोच दगड उभा करतो आणि त्याच्यावर तेल ओततो. मराठवाड्यात वेशीवरच्या दगडाला शनिवारी तेल घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगताना पहिल्या प्रचारकांना फार खुलासा करावा लागला नसेल, असे माझे मला वाटून गेले.

मैत्रिणीच्या मावसआजी ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी, डोक्यावर पदर. कपाळाच्या मधोमध हिरवट गोंदलेला ठिपका, हनुवटीवर एक, आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून वर गेलेली तुळस: खाली वृंदावनाचा चौक, वर पानांच्या रेघा. तिच्याशेजारी विंचू. उजव्या मनगटावर क्रूस आणि त्याखाली, आता फुटून पसरलेल्या अक्षरांत, ‘येशू’.

मला आधी वाटले की घराणे आजींच्या हयातीत ख्रिस्ती झाले असेल: तुळस अगोदरची, क्रूस नंतरचा. विचारले तर आजी हसल्या. त्यांचे आजेच ख्रिस्ती झालेले. त्या स्वतः पाळण्यात असल्यापासून चर्चमध्ये.

“मंग तुळस?”

“गोंदणारीन आली व्हती. आळीतल्या समद्या पोरी बसल्या, मी बी बसले. मह्या मायनं धरून बसवलं. तुळस समद्यायच्याच हातावर व्हती.”

गोंदणारणीला त्या काळी गावोगावचा रस्ता पाठ असे. सुगी झाली की ती यायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, त्यात पाल्याचा रस. मजुरी जोंधळ्याच्या सुपात किंवा जुन्या लुगड्यात. मुलीचे लग्न व्हायच्या आत तिच्या अंगावर गोंदण हवे, हा दंडक कुणबी, माळी, धनगर, महार, मांग सगळ्यांत होता. वरच्या जातींत तो पातळ होत जाई. तुळस, विंचू, मोर, लक्ष्मीची पावले, पाटल्यांच्या जागी बारीक ठिपक्यांची ओळ. सोने घ्यायची ऐपत नसलेल्या बाईला हेच दागिने. आणि या दागिन्यांची एक खासियत बायका सांगतात: मेल्यावर सोने-नाणे उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते. न गोंदलेल्या बाईला यमाच्या दारात जाब द्यावा लागतो.

आजींच्या क्रुसाची हकीगत याच गोंदणारणीच्या हातची. लग्न होऊन त्या बेथेलला आल्यावर ती पुन्हा आली. आजींनी तिला क्रूस काढायला सांगितले. तिला क्रूस माहीत नव्हता. “मंग मी म्हनलं, बेरजंचं चिन्न काढ, खालचा पाय लांब कर.” अक्षरांचे तर तिला वाचताच येत नव्हते. आजी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन आपल्याच मनगटावर ‘येशू’ लिहिले आणि गोंदणारणीने त्या रेघांवरून सुया चालवल्या.

हे ऐकून मी थोडी गप्प झाले. मिशनच्या शाळेने खेड्यातल्या मातंग मुलीला अक्षर दिले आणि तिने ते नेऊन ठेवले कुठे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोंदणात. विलायतेहून आलेल्या धर्मात हे कुठे बसत नव्हते. स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन लोक पूजेच्या बाबतीत साधेपणाचे पक्के. त्यांच्या प्रार्थनाघरांत मूर्ती नाहीत, मेणबत्त्यांची आरास नाही, क्रुसाचेही फार स्तोम नाही. त्यांच्या शिकवणीत वचन महत्त्वाचे, खूण नव्हे. खुणेची हौस इथल्या बायकांची.

मी आजींना यमाच्या दाराचे विचारले. ख्रिस्ती माणसाला यम कुठला? त्या म्हणाल्या, यम नाही, पण प्रभू तर हात बघेल. मैत्रिणीने चेष्टेने विचारले, “आजी, मग तुळस पण बघेल की.”

“बघल तर बघल. त्याला ठावं नाही का, मी पोर व्हते ते?”

दुपारी एका पाळकसाहेबांशी बोलणे झाले. वयाने तरुण, मृदू बोलणारे, पण या बाबतीत ठाम. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, मृतांसाठी अंगावर वार करून घेऊ नयेत आणि अंग गोंदवून घेऊ नये असा स्पष्ट निर्बंध आहे. माणसाचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर, त्याच्या भिंतीवर कोणी काही लिहू नये. त्यांच्या मंडळीत तरुणांना ते सरळ मना करतात. आजींच्या पिढीला काही बोलत नाहीत. मैत्रीण चर्चमध्ये रविवारची शाळा घेते, तिने लगेच दुसरी बाजू मांडली. त्याच अध्यायात दाढीचे कोपरे कापू नका आणि दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड घालू नका असेही आहे, मग तुमची ही टेरिकॉटची पँट? शिवाय यशया संदेष्टा म्हणतो की देवानेच आपल्या लोकांना तळहातावर कोरून ठेवले आहे. आणि पौल गलतीकरांना लिहिताना येशूच्या खुणा आपल्या अंगावर वागवतो असे सांगतो. पाळकसाहेबांनी उत्तर दिले की पौलाच्या खुणा म्हणजे चाबकाचे वळ. ते खरे आहे. पण वाद काही मिटला नाही, चहा मात्र दोनदा झाला.

हा वाद जालन्यात सुरू झालेला नाही. ७८७ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रियात धर्मगुरूंची परिषद भरली, तिने मूर्तिपूजकांच्या चालीने अंग रंगवण्याचा निषेध केला, पण देवासाठी कोणी ती वेदना सोसली तर ती स्तुत्य आहे अशी पुस्तीही जोडली. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आजही लेकरांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदवतात. इथिओपियात बायकांच्या कपाळावर तो दिसतो. जेरुसलेमला रझूक नावाचे एक घराणे आहे. मूळ इजिप्तचे कॉप्ट, सातशे वर्षांची परंपरा सांगतात. लाकडात कोरलेले जुने ठसे आधी कातडीवर उमटवायचे आणि मग त्यावरून गोंदायचे, असे करून ते यात्रेकरूंच्या हातावर यात्रेची खूण आणि साल घालून देतात. तुर्कांच्या अमलाखालच्या बोस्नियात कॅथलिक बायका हाताच्या पंजावर आणि छातीवर क्रूस व ठिपके गोंदवून घेत. मुलगी पळवली, नाव बदलले तरी हात बदलू नये म्हणून, असे तिथे सांगतात. एकूण पाहता, जिथे ख्रिस्ती लोक बहुसंख्य आणि निर्धास्त होते तिथे गोंदणाला विरोध झाला, आणि जिथे ते थोडे होते तिथे ते अंगावर उतरले. जालन्याच्या बायका या दुसऱ्या घरच्या. फरक एवढाच की त्यांना कोणी ही चाल शिकवली नाही.

आपल्या देशात गोंदणाची एक काळी बाजूही होऊन गेली. कंपनी सरकारच्या काळात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. १८४९ मध्ये ते बंद झाले. सुटलेले कैदी ती खूण लपवायला मुंडासे खाली ओढून बांधत, असे तेव्हाचे अधिकारी लिहून गेले आहेत. कपाळावरचा ठिपका कोणी मिरवायचा आणि कोणी झाकायचा, हे गोंदणाऱ्या हातावर ठरत होते.

दुसऱ्या सकाळी आम्ही राजूरला गेलो. राजूरचा गणपती भोकरदनच्या रस्त्यावर, टेकडीवर. संकष्टीला इथे जिल्हा लोटतो. देवदर्शन हा आमचा उद्देश नव्हता, तरी झाले. पायथ्याच्या जत्रेत, भजी आणि प्लास्टिकच्या खेळण्यांच्या मधे, गोंदणवाले बसतात. आता बाई नाही, पुरुष. बांधलेल्या सुयांऐवजी बॅटरीवर गुरगुरणारे हातातले यंत्र. एकासमोर नमुन्यांचा तक्ता, आणि तो तक्ता मी बराच वेळ वाचत उभी राहिले. ॐ, त्रिशूळ, गणपती, बजरंगबली, शिवरायांची मुद्रा, ‘जय भीम’ आणि धम्मचक्र, खंडोबाची तलवार, ७८६, बदामात दोन अक्षरे, ‘आई’, आणि शेवटच्या ओळीत दोन तऱ्हेचे क्रूस. इस्लाममध्ये बहुतेक मौलवी गोंदण निषिद्ध मानतात, तरी ७८६ला गिऱ्हाईक आहे. ‘जय भीम’ला सर्वांत जास्त, असे त्याने सांगितले. १९५६च्या धर्मांतरानंतर आंबेडकरी घरांतल्या बायकांनी जुन्या देवांचे गोंदण नव्याने घेणे सोडले, आणि दोन पिढ्यांनी त्यांच्या नातवांनी बाबासाहेब दंडावर घेतले. गोंदणवाल्याला या कशाशी देणेघेणे नाही. अक्षरागणिक पैसे.

“क्रूस कोण काढून घेतं?” मी विचारले.

“हरिगावच्या यात्रेत लई. हितं कमी.” श्रीरामपूरजवळच्या हरिगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मारियेची यात्रा भरते, अहिल्यानगर आणि मराठवाड्यातले ख्रिस्ती लोक तिथे पायीसुद्धा जातात. हाही जातो. त्याचे वर्षाचे पंचांग म्हणजे जत्रांची यादी: माळेगाव, राजूर, अंबडची मत्स्योदरी, हरिगाव. त्याच्या स्वतःच्या हातावर काय आहे म्हणून पाहिले तर काहीच नव्हते. म्हणाला, दिवसभर सुई दुसऱ्याला टोचून टोचून हौसच मेली.

एकच सुई आणि शाईची एकच वाटी गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाला चालू होती. मी ते बोलले, तर त्याने सुई फडक्याने पुसून दाखवली. कावीळ ब आणि क, एचआयव्ही हे आजार अशा सुईतून जाऊ शकतात. गोंदवून घेतलेल्या माणसाचे रक्त वर्षभर रक्तपेढी घेत नाही, ते याच कारणाने. जत्रेत हे कोणाच्या गावी नसते.

जत्रेत इतका सहज मिळणारा क्रूस जालन्यातली बरीच ख्रिस्ती मुले घेत नाहीत, त्याचे कारण लेवीयमध्ये नाही. ते १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात आहे. त्या आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मातल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण दोन्ही सवलतींत अंतर मोठे. त्यामुळे अनेक घरांत एक सोय झालेली आहे: दाखल्यावर हिंदू मातंग, रविवारी चर्च. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले की बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याला नोकरीपुरते हिंदू म्हणवून अनुसूचित जातीचा लाभ घेता येणार नाही. हे निकालपत्र जालन्यातल्या गल्ल्यांत पोचले आहे. एका घरी मुलाने मनगटावर क्रूस काढायचा म्हटले तर आईने जेवण बंद केले. “पोटात ठेव म्हनलं देव. हातावर कशाला? उद्या सायेबानं हात बघितला तर?” ती बाई कट्टर विश्वासणारी, रोज पहाटे प्रार्थनेला बसणारी. तिची भीती मला खोटी वाटली नाही आणि त्या सोयीला ढोंग म्हणायलाही माझी जीभ रेटली नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना जातीमुळे विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांच्या पणतवंडांची जात सरकारदप्तरी धर्म बदलताच नाहीशी होते. गावात ती तशी होत नाही, हे बेथेलच्या कोणालाही विचारा.

नव्या जालन्यात बसस्थानकाकडच्या रस्त्याला एक टॅटूचे दुकान आहे, काचेचे दार, आत निळा दिवा. सुया सीलबंद पाकिटातून निघतात, मालक हातमोजे घालतो. तिथे एक ख्रिस्ती मुलगा खुर्चीत बसलेला सापडला. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारा; सकाळी मैदान, दुपारी अभ्यासिका, मराठवाड्यातल्या हजारो पोरांसारखा. खुल्या जागेतून फॉर्म भरतो. दाखल्याचा प्रश्नच ठेवला नाही, म्हणून भीतीही नाही, असे त्याने सांगितले. पण तो डाव्या हातावर क्रूस काढून घेत होता आणि दुकानदाराशी त्याची मापावरून हुज्जत चालली होती. मला वाटले पैशांवरून. हुज्जत नियमावरून होती. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत गोंदण चालते, पण धार्मिक चिन्ह किंवा नाव असेल तर, आणि तेही फक्त डाव्या हातावर कोपराच्या खाली आतल्या बाजूला, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो, किंवा पंजाच्या पाठीवर. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा लहान हवा. देश धर्मनिरपेक्ष असल्याने धार्मिक भावनांचा मान राखावा, असे त्या नियमातच लिहिले आहे. त्याने ते मोबाइलवर काढून मला दाखवले. म्हणजे भरतीच्या डॉक्टरपुढे बदामातले अक्षर अडचणीत येऊ शकते, क्रूस येत नाही. दाखल्यासाठी त्या दुसऱ्या मुलाच्या आईने लपवायला सांगितलेली खूण भरतीत मात्र राजरोस चालते. दोन्ही नियम एकाच सरकारचे.

त्याच्या घरी कोणाच्या हातावर गोंदण आहे का, मी विचारले. पणजीच्या होते, म्हणाला. काय होते ते त्याला सांगता आले नाही.

मिशनच्या दप्तरांत बाप्तिस्म्यांच्या नोंदी आहेत, पाळकांची नावे आहेत, स्कॉटलंडला पाठवलेले वार्षिक अहवाल आहेत. बायकांच्या हातांवर काय होते हे त्यांत कोणी लिहिलेले नाही, कारण लिहिणाऱ्यांना त्याची मातबरी वाटली नाही. बेथेलमध्ये, छावणीकडच्या गल्ल्यांत, अंबड-भोकरदनच्या खेड्यांत तुळस आणि क्रूस दोन्ही अंगावर असलेल्या म्हाताऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. गोंदणारणी तर संपल्याच. संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहास, लोकसाहित्य किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या कोणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा आहे. जाताना वही न्या, फोटोची परवानगी आधी विचारा, आणि शक्यतो एखाद्या बाईला सोबत घ्या. पुरुषासमोर आजी पदराखालून हात काढत नाहीत.